नाकाची शस्त्रक्रिया: दुरुस्ती कोठे संपते आणि बदल कोठे सुरू होतो?

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या एखाद्या घरी रिश्ता पाहण्यासाठी पाहुणे येतात. चहा-फराळ होतो, मुलीचे शिक्षण विचारले जाते, कुरआनचे वाचन कोठपर्यंत झाले हेही विचारले जाते. पाहुणे समाधानाने उठतात. दोन दिवसांनी मध्यस्थामार्फत निरोप येतो: घराणे उत्तम, मुलगी गुणी, फक्त नाक जरा... वाक्य अर्धेच सोडले जाते. ते पूर्ण करण्याची कोणाला गरज भासत नाही. त्या रात्री घरातील मंडळी झोपल्यावर ती मुलगी मोबाइलवर नाकाच्या शस्त्रक्रियेची छायाचित्रे पाहत बसते. आधीचे नाक असे, नंतरचे असे. काही महिन्यांनी ती अम्मीजवळ विषय काढते, अम्मी अब्बांच्या कानावर घालते आणि अब्बांसमोर दोन प्रश्न उभे राहतात. शरीअतमध्ये हे चालते काय? आणि यात नेमके घडते काय?

आपल्याकडे पहिला प्रश्न मौलानांना आणि दुसरा डॉक्टरांना विचारण्याची रीत आहे. परंतु ही दोन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. नाकावर काय केले जाणार आणि कशासाठी केले जाणार हे समजल्याशिवाय कोणताही मुफ्ती जायज-नाजायजचा निर्णय देऊ शकत नाही. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र पाहू.

सोन्याचे नाक

सुनन अबू दाऊद, जामे तिर्मिजी आणि सुनन नसाई या तिन्ही हदीससंग्रहांत अरफजा बिन असअद (रजि.) या सहाबींचा प्रसंग नोंदविलेला आहे. इस्लामपूर्व काळात कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले होते. (हे कुलाब अरबस्तानातील एका पाणवठ्याचे नाव आहे, मुंबईच्या कुलाब्याशी त्याचा संबंध नाही.) त्यांनी चांदीचे नाक घडवून बसविले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक करून घेण्यास सांगितले.

प्रसंग इतकाच आहे. पण तो सावकाश वाचावा असा आहे. पुरुषांसाठी सोने हराम आहे, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. नवरदेवाच्या बोटात सोन्याची अंगठी दिसली तर निकाह लावणारे काजी साहेब ती उतरवायला लावतात. तेच सोने येथे एका पुरुषाच्या चेहऱ्यावर, सर्वांना दिसेल अशा जागी बसविण्याची परवानगी मिळाली. अरफजा (रजि.) यांना नाकाविना सब्र करा, असे सांगण्यात आले नाही. चेहऱ्यावर कापड बांधून फिरा, असेही सांगण्यात आले नाही. गमावलेला अवयव भरून काढणे, माणसाला चारचौघांत वावरता येईल असा त्याचा चेहरा त्याला परत देणे ही त्याची गरज मानली गेली आणि त्या गरजेसाठी एरवी निषिद्ध असलेली वस्तू मुबाह ठरली. दात सोन्याच्या तारेने बांधण्यासारख्या प्रश्नांत फुकहांनी याच हदीसचा आधार घेतला आहे.

पुण्यातील एक गाडीवान

अशी गरज आपल्या महाराष्ट्राच्या भूमीतही एकदा भागविली गेली आणि तिची नोंद जगभर पोहोचली. कावसजी नावाचा एक बैलगाडीवान 1792 च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर होता. नाव पारशी वाटते. पण ज्या लेखातून तो आपल्याला ठाऊक आहे, त्यात त्याला शेती करणारा मराठा म्हटले आहे. तो टिपू सुलतानच्या पक्षाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. ज्यांच्या बाजूने हे घडले ते राज्य मुसलमानाचे होते, म्हणून ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. शत्रूचे अवयव छाटण्यास, ज्याला हदीसच्या भाषेत मुस्ला म्हणतात, प्रेषितांनी (स.) मनाई केलेली आहे. ती मनाई कोणत्याही राजाला लागू होते.

सुमारे वर्षभर कावसजी नाकाविना राहिला. त्यानंतर पुण्याजवळच्या एका कारागिराने, ज्याची जात त्या लेखात वीट घडविणाऱ्यांची म्हणून नोंदली आहे, त्याला नवे नाक बसविले. मुंबईचे टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर त्या वेळी उपस्थित होते. कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुडख्यावर बसवून आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांच्या मध्ये मात्र एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहील. मग ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. ती धरून ठेवण्यासाठी पाण्यात भिजवलेला कात वापरला; तोच कात जो आपण पानाला लावतो. पुढे तुपात बुडवलेल्या कापडाच्या घड्या ठेवल्या. रुग्णाला पाच-सहा दिवस पाठीवर निजवून ठेवले, दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे तुकडे घातले आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापली. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत चित्रासह छापली गेली. ती वाचून तेथील जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने 1814 मध्ये त्याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. कपाळाच्या कातडीपासून नाक घडविण्याची ही रीत कर्करोग वा अपघातात नाक गमावलेल्या रुग्णांसाठी आजही वापरली जाते, आणि जगभर ती भारतीय पद्धत म्हणूनच ओळखली जाते.

अरफजा (रजि.) आणि कावसजी या दोघांनाही जे होते ते परत हवे होते. कोणाच्या तरी नाकासारखे नाक त्यांपैकी एकानेही मागितले नाही.

दुसऱ्या प्रकारची मागणी

शाबूत, निरोगी, श्वास घेणारे नाक केवळ दिसण्यासाठी बदलण्याची शस्त्रक्रिया त्या मानाने अगदी अलीकडची आहे. अमेरिकेत जॉन रो यांनी 1887 मध्ये आणि बर्लिनमध्ये याकोब योझेफ यांनी 1898 मध्ये तिचा पाया घातला. योझेफ यांच्याकडे आलेल्या तरुणाला आपल्या मोठ्या नाकामुळे लोकांत मिसळण्याची लाज वाटत असे. म्हणजे सुरुवातीपासून या शस्त्रक्रियेच्या मागे लोकांची नजर उभी आहे, हे विसरता येत नाही.

येथे शरीअतचा दुसरा आधार पुढे येतो. सूरह निसामध्ये शैतानाच्या त्या प्रतिज्ञेचा उल्लेख आहे की, तो माणसांना अल्लाहने घडविलेल्या रचनेत फेरफार करण्यास प्रवृत्त करील. बुखारी व मुस्लिममध्ये अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये गोंदवून घेणाऱ्या, भुवया उपटणाऱ्या आणि सौंदर्यासाठी दातांमध्ये फटी पाडून अल्लाहची निर्मिती बदलणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार आहे. या हदीसमधील "सौंदर्यासाठी" या एका शब्दाकडे इमाम नववी यांनी आपल्या भाष्यात लक्ष वेधले आहे. निषिद्ध आहे ते केवळ सौंदर्याच्या हव्यासाने केलेले. औषधोपचारासाठी किंवा दातातील दोष दूर करण्यासाठी तेच काम करावे लागले तर हरकत नाही. नाकाच्या प्रश्नाची किल्ली याच शब्दात आहे, असे मला वाटते.

जुलै 2007 मध्ये मलेशियातील पुत्राजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीचे अठरावे अधिवेशन भरले होते. तेथे जगभरच्या उलेमांनी डॉक्टरांशी चर्चा करून प्लास्टिक सर्जरीविषयी ठराव केला. जन्मजात व्यंग, जसे फाटलेला ओठ किंवा नाकाचा तीव्र वाकडेपणा. भाजण्यामुळे, अपघातामुळे वा आजारामुळे आलेली विद्रूपता. अवयवाचे बिघडलेले कार्य. आणि ज्या कुरूपतेमुळे माणसाला शारीरिक वा मानसिक त्रास होतो ती दूर करणे, हे सर्व जायज ठरविण्यात आले. केवळ इच्छेपोटी, कोणाची नक्कल म्हणून, किंवा फसवणुकीसाठी सामान्य रूप बदलणे नाजायज ठरले आणि त्यात नाकाचा आकार बदलण्याचा उल्लेख नाव घेऊन आहे. डॉक्टर पात्र असावा, रुग्णाने समजून संमती दिलेली असावी आणि होणाऱ्या लाभापेक्षा हानीची शक्यता मोठी नसावी, या अटीही आहेत.

आता तुम्ही विचाराल की, मानसिक त्रासाची वाट मोकळी ठेवली तर प्रत्येक मुलगी म्हणेल, मला त्रास होतो. शंका योग्य आहे. रिश्ता दोनदा मोडला म्हणून वाटणारे दुःख खरे असते, पण ते नाकातील व्यंग नव्हे. दुसऱ्या बाजूला, लहानपणी पडून नाकाचा मधला कणा खचलेला आहे, शाळेपासून टोपणनावे ऐकली आहेत आणि आता ती मुलगी घराबाहेर पडायलाच तयार नाही, अशी स्थिती असेल तर तिला केवळ शुक्र करण्याचा उपदेश करणे म्हणजे अरफजा (रजि.) यांच्या प्रसंगाकडे पाठ फिरविणे होय. सीमारेषा कागदावर आखता येते. चेहऱ्यावर ती प्रत्येक वेळी नव्याने पाहावी लागते. म्हणून डॉक्टरांचा लेखी अभिप्राय घेऊन मगच जाणत्या मुफ्तीसमोर प्रश्न मांडावा. फोनवर दोन वाक्यांत फतवा मागू नये.

एक गोष्ट मात्र आधी पडताळून पाहावी. हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते, कारण भिंगाच्या सर्वांत जवळ तेच असते. अनेक मुलींचे आपल्या नाकाशी असलेले भांडण खरे तर मोबाइलच्या भिंगाशी असते. काहींच्या बाबतीत तर न दिसणारा किंवा नगण्य दोष दिवसरात्र मनात घोळत राहतो, आरसा सुटत नाही; हा एक मानसिक आजार आहे. त्यात शस्त्रक्रियेने समाधान होत नाही, मन दुसऱ्या दोषाकडे वळते. अशा मुलाला वा मुलीला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. यात कमीपणा नाही.

शस्त्रक्रियेत काय होते?

नाकाचा वरचा तिसरा भाग हाडाचा आणि खालचा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर लागते तशा लवचिक पदार्थाचा असतो. मध्ये दोन नाकपुड्या वेगळ्या करणारा पडदा असतो. हा पडदा वाकडा असला की एक बाजू बंद राहते, तोंडाने श्वास घ्यावा लागतो, झोप लागत नाही. आपल्याकडे यालाच "नाकाचे हाड वाढले" असे म्हणतात. पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया हा निखळ औषधोपचार आहे, तिच्याविषयी शरीअतचा कोणताही आक्षेप नाही आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत ती नित्याची आहे. हिंगोलीकरांना त्यासाठी नांदेडचे शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. पुष्कळ वेळा बाहेरचा वाकडेपणा आणि आतला वाकडा पडदा एकाच इजेतून आलेले असतात. तेव्हा दोन्ही एकाच वेळी दुरुस्त करता येतात.

नाकाची घडण बदलण्याची शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन केली जाते आणि तिला दोन-तीन तास लागतात. चिरे नाकपुड्यांच्या आत घेतले जातात, किंवा दोन नाकपुड्यांमधील कातडीवर एक लहान चिरा घेऊन वरची कातडी उचलली जाते. उंचवटा असेल तर हाड व कूर्चा घासून कमी करतात, हाडे रुंद असतील तर ती कापून आत सरकवतात, नाक बसके असेल तर मधल्या पडद्याची, कानाची वा बरगडीची कूर्चा काढून भर घालतात. शेवटी बाहेरून कडक पट्टी बसवितात, क्वचित आत बोळे ठेवतात.

पुढचे दिवस कसे जातात, हे छायाचित्रांत दिसत नाही म्हणून सविस्तर सांगतो. पहिले दोन दिवस नाकातून रक्तमिश्रित पाणी येते. डोळ्यांभोवती सूज चढते, कातडी काळीनिळी पडते. नाक चोंदलेले राहिल्याने तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो, डोके उंच ठेवून पाठीवर झोपावे लागते. वेदना बहुधा सोसण्याजोगी असते. खरा त्रास घुसमटीचा असतो. आठवड्याच्या सुमारास पट्टी निघते आणि येथेच अनेक जण निराश होतात, कारण आरशात दिसते ते सुजलेले, फुगीर नाक. काळेनिळेपणा दोन आठवड्यांत बराचसा जातो. सूज मात्र सावकाश ओसरते. नाकाच्या शेंड्याला आणि जाड कातडीच्या नाकाला अंतिम रूप यायला वर्ष लागते. आपल्याकडच्या पुष्कळ चेहऱ्यांची कातडी जाडसर असते. तिच्याखाली केलेले नाजूक कोरीव काम बाहेर तितकेसे उमटत नाही. म्हणून परदेशी नटीचे छायाचित्र घेऊन डॉक्टरांकडे जाणे व्यर्थ आहे, तो नक्कल करण्याचा गुन्हा बाजूला ठेवला तरी.

चार ते सहा आठवडे चष्म्याचा भार नाकावर येऊ द्यायचा नाही, जड वजन उचलायचे नाही, खेळ टाळायचे. पहिले दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकायची. हळदीच्या हंगामात हे विशेष ध्यानात ठेवावे. हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात किंवा हळद घोटण्याच्या जागी जी धूळ उडते, तिच्यात ताज्या शस्त्रक्रियेचे नाक घेऊन उभे राहता येणार नाही. लग्नाची तारीख ठरल्यावर महिनाभर आधी ही शस्त्रक्रिया उरकण्याचा विचार तर करूच नये.

धोकेही आहेत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, शेंड्याला बधिरपणा, दोन बाजूंत फरक राहणे, मधल्या पडद्याला भोक पडणे आणि आधी मोकळे असलेले नाक नंतर चोंदणे. शंभरांतील काहींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते आणि दुसरी वेळ पहिलीपेक्षा अवघड असते, कारण आत व्रण झालेला असतो. संगणकावर दाखविलेले चित्र हे वचन नसते. मुलीच्या नाकाची वाढ पंधरा-सोळाव्या वर्षी आणि मुलाची सतरा-अठराव्या वर्षी पूर्ण होते. त्याआधी दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया करीत नाहीत. तंबाखू, गुटखा, धूम्रपान जखम भरू देत नाहीत. ॲस्पिरिनसारखी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे, स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

सुईने नाक उंच करून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. ब्यूटी पार्लरमध्ये टोचलेले भरणद्रव्य रक्तवाहिनीत गेले तर नाकाची कातडी काळी पडून सडते, प्रसंगी डोळाही जातो. डॉक्टरांची पदवी विचारण्याचा संकोच बाळगू नका. प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा कान-नाक-घसा विषयाची एम.एस. पदवी आणि या विशिष्ट कामाचा अनुभव, दोन्ही विचारा.

खर्चाविषयी एकच मुद्दा, पण तो मोठा आहे. खाजगी रुग्णालयात हा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो आणि केवळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची किंवा वैद्यकीय गरजेची असेल तर बसते. रिश्त्याच्या आशेने कोणी यासाठी व्याजाने पैसे काढत असेल, तर त्याने थांबावे. ज्या कामाचे जायज असणे संशयास्पद आहे त्यासाठी निःसंशय हराम असलेले व्याज अंगावर घेणे, हा कोणता हिशेब?

अपघातग्रस्तांसाठी जाता जाता सांगतो. मोटारसायकलवरून पडून नाकाला मार लागला तर "सूज उतरू द्या, मग पाहू" म्हणून महिना घालवू नका. मोडलेले हाड जागेवर बसविण्याची वेळ साधारण दहा ते चौदा दिवसांची असते. नाकाच्या आत पडद्यावर रक्त साकळून नाक बंद झाले असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ते रक्त काढले नाही तर कूर्चा मरते आणि नाक कायमचे खचते. आज चौकशी करणाऱ्या किती तरुणांचे वाकडे नाक हे अशा गमावलेल्या दोन आठवड्यांचे फळ असते!

नमाज आणि रोजा

मराठवाड्यात आपण बहुतांश हनफी आहोत, म्हणून त्या मसलकाप्रमाणे सांगतो. शाफई बंधूंनी आपल्या उलेमांना विचारावे. नाकावर पट्टी असताना वुजूमध्ये तिच्यावर ओला हात फिरविणे, म्हणजे मसह करणे, पुरेसे आहे. वुजूत नाकात पाणी घेणे सुन्नत आहे. डॉक्टरांनी मना केले असेल तर सोडावे, वुजू होतो. गुस्लमध्ये ते फर्ज आहे, तरीही पाण्याने इजा होणार असेल तेथे सवलत आहे. वाहून येणाऱ्या रक्ताने वुजू तुटतो. पण नमाजची पूर्ण वेळ जाईपर्यंत रक्त थांबलेच नाही तर तो रुग्ण माजूर ठरतो आणि प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी एक वुजू करून त्याने नमाज अदा करावी. डोके खाली झुकविल्यास रक्त वाहण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस बसून इशाऱ्याने नमाज पढावी. सजद्याचा इशारा रुकूपेक्षा अधिक खाली असावा. पुढे कपाळ टेकता येऊ लागले पण नाक टेकता येत नसेल, तर कपाळावर सजदा होतो. भूल असताना सुटलेल्या नमाजांची कजा करावी. नाकात टाकलेल्या औषधाच्या थेंबाने रोजा तुटतो. म्हणून ज्याला घाई नाही त्याने रमजानच्या तोंडावर तारीख घेऊ नये.

ज्या घरातून अर्धे वाक्य आले

शस्त्रक्रियेचा विचार जिच्या मनात आला तिच्याविषयी आपण इतके बोललो. आता जेथून ते अर्धे वाक्य आले त्या घराकडे वळू. निकाहापूर्वी मुलीला पाहण्याची मुभा प्रेषितांनी (स.) दिलेली आहे. पसंत नसेल तर नकार देण्याचाही अधिकार आहे. पण नकाराचे कारण म्हणून तिच्या नाकाचे वर्णन चार घरांत फिरविण्याचा अधिकार कोणी दिला? सूरह हुजुरातमध्ये पुरुषांनी पुरुषांची आणि स्त्रियांनी स्त्रियांची टर उडवू नये असा आदेश आहे. स्त्रियांचा उल्लेख तेथे मुद्दाम वेगळा आला आहे. अबू दाऊद व तिर्मिजीमध्ये प्रसंग आहे: आयेशा (रजि.) यांनी सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगणेपणाकडे निर्देश केला. त्यावर प्रेषित (स.) म्हणाले की, हा शब्द समुद्राच्या पाण्यात मिसळला तर तेही गढूळ होईल. निर्देश खोटा नव्हता, लांबलचकही नव्हता. आपल्या फुफी, खाला, मामी लग्नघरात ज्या सहजतेने "चपटी", "नकटी" असे शब्द टाकतात, त्यांनी हा प्रसंग एकदा तरी वाचावा. मुलाकडच्या भगिनींनो, तुम्हाला नाही म्हणायचे असेल तर इस्तिखारा करून मन वळले नाही एवढे कळवा. दुसरे काही कळविण्याची गरज नाही.

आणि घरच्यांनीही. पुष्कळदा पहिला टोमणा बाहेरचा नसतो, भावाचा असतो.

मदीनेत जुलैबीब (रजि.) नावाचे एक सहाबी होते. दिसायला ते सुंदर नव्हते, त्यांना घराणे नव्हते, पैसा नव्हता. प्रेषितांनी (स.) स्वतः एका अन्सारी घरात त्यांच्यासाठी शब्द टाकला. मुसनद अहमदमध्ये आहे की, मुलीची आई अडखळली, जुलैबीबसाठी? नाही. आतून मुलीने विचारले की, माझ्यासाठी मागणी कोणी घातली आहे? उत्तर ऐकल्यावर ती म्हणाली की, अल्लाहच्या प्रेषितांचा शब्द तुम्ही नाकारता काय? निकाह झाला. पुढे एका लढाईनंतर प्रेषितांनी (स.) सोबत्यांना विचारले, कोण कोण दिसत नाही? लोकांनी नावे घेतली, जुलैबीब (रजि.) यांचे नाव कोणी घेतले नाही. प्रेषित (स.) म्हणाले, मला जुलैबीब दिसत नाहीत. शोध घेतला तेव्हा ते सात शत्रूंच्या शेजारी शहीद होऊन पडलेले सापडले. सहीह मुस्लिममध्ये आहे की प्रेषितांनी (स.) हे माझे आहेत आणि मी यांचा आहे असे सांगितले आणि त्यांना आपल्या दोन्ही हातांवर घेतले. कबर खोदून होईपर्यंत त्यांना दुसरी खाट नव्हती.